केईसी इंटरनॅशनलचा २०२४-२५ चा निकाल कसा वाटला? पुढे वाढ दिसते का?

विक्री बघून खूश व्हायचं असेल तर निकाल झकास आहे, पण नफा बघितला तर ही कंपनी (मुख्य धंदा ट्रान्समिशनचा, म्हणजे उच्च दाबाच्या वीजवाहिन्यांचे टॉवर उभारून तारा ओढायचा) चार वर्षांनी फिरून आत्ता कुठे जुन्या जागी आलीय, असं माझं मत.

२०२४-२५ ची विक्री २१,८४७ कोटी आणि नफा ५७१ कोटी. आदल्या वर्षी नफा ३४७ कोटी होता म्हणून सगळीकडे वाहवा झाली, पण जरा मागे जाऊन २०२०-२१ काढून बघा, तेव्हा विक्री होती १३,११४ कोटी आणि नफा ५५३ कोटी. म्हणजे पावणेनऊ हजार कोटींचं काम जास्त ओढलं आणि हातात पडले जेमतेम १८ कोटी जास्त! मधल्या काळात स्टील भडकलं, फिक्स रेटला घेतलेली कामं अंगावर आली, ब्राझीलमधल्या एसएई टॉवर्स या उपकंपनीने वेगळंच पोळलं, २०२२-२३ ला तर ऑपरेटिंग मार्जिन (व्याज, घसारा, कर धरायच्या आधी विक्रीतून उरणारा वाटा) ४.८ टक्क्यांवर आलं होतं. २०२४-२५ ला ते ६.९ झालं, सुधारतंय, नाही असं नाही.

काम मिळेल का याची चिंता नको. मार्च २०२५ ला ऑर्डर बुक (हातात असलेली, अजून करायची कामं) ३३ हजार कोटींच्या पुढे होती, आणि २०३२ पर्यंत देशात ट्रान्समिशनवर ९ लाख कोटींच्या वर खर्च करायचा सरकारचा प्लॅन आहे. कच्छच्या खावड्यातली सोलरची वीज थेट आपल्या नागपूरपर्यंत आणायची ८०० केव्हीची एचव्हीडीसी लाइन (लांबवर वीज न्यायची उच्च दाबाची डीसी लाइन) त्यातलीच (ती पॉवरग्रिड या सरकारी कंपनीकडे आहे). केईसीचा टॉवरचा कारखानाही नागपूरजवळ बुटीबोरीलाच.

खरी गोची साइटवर. मी याच धंद्यात एका सब-कॉन्ट्रॅक्टरकडे बिलिंग बघतो म्हणून सांगतो. समजा एका सेक्शनचे बाकी सगळे टॉवर उभे राहिले आणि मधल्या एकाच शेतकऱ्याने मोबदल्यावरून फाउंडेशन अडवलं, तर त्या अख्ख्या सेक्शनची तार ओढता येत नाही, कारण स्ट्रिंगिंग (तार ओढणं) एका टेन्शन टॉवरपासून (तारेचा ताण पेलणारा टॉवर) दुसऱ्या टेन्शन टॉवरपर्यंत सलगच करावं लागतं. माल येऊन पडलेला, मालदाची (बंगालमधल्या मालदा जिल्ह्यातल्या मजुरांची) गँग बसून, तिचा खर्ची-पाण्याचा मीटर चालू आणि बिल मात्र निघत नाही. वर रिटेन्शनचे (बिलातून राखून ठेवलेले) पैसे लाइन चार्ज झाल्यावर, म्हणजे तिच्यात वीज सोडल्यावर, कधीतरी सुटणार. तोवर बँकेचं व्याज कोण भरणार? म्हणून तर एवढ्या मोठ्या कंपनीचा २०२४-२५ चा व्याजाचा खर्चच नफ्यापेक्षा जास्त होता. सप्टेंबर २०२४ ला क्यूआयपीतून (मोठ्या गुंतवणूक संस्थांना नवे शेअर विकून) ८७० कोटी उभे केले, त्याने थोडा श्वास मिळाला असेल.

तेव्हा "अमुक कोटींची नवी ऑर्डर" अशी बातमी आली की लगेच उड्या मारू नका, दर तिमाहीला मार्जिन आणि उधारीचे दिवस (केलेल्या कामाचे पैसे किती दिवसांनी येतात ते) बघा. मार्जिन ८ च्या वर जाऊन वर्षभर टिकलं तर मी म्हणेन वाढ खरी आहे, नाहीतर नुसतीच हमाली.