वाचक विचारतात: मेडनचा सगळ्यात भारी लाइव्ह अल्बम कुठला?

मागच्या अंकात आपण आवडत्या रॉक बँडच्या लाइव्ह अल्बमबद्दल प्रश्न मागवले होते. ठाणे आणि नवी मुंबईतून आलेली बहुतेक पत्रं आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडवरचीच निघाली, म्हणून या वेळी फक्त मेडन घेतोय, बाकीच्या बँडवाल्यांनी रागावू नका, तुमचा नंबर पुढच्या वेळी.

प्रश्न: आम्ही कॉलेजपासूनचे चौघे मित्र, रविवारी वाशीच्या मिनी सीशोरला भेटतो आणि भेटलो की हेच भांडण. दोघं १९८५ च्या लाइव्ह आफ्टर डेथवाले, दोघं रॉक इन रिओवाले. रिओवाले म्हणतात गायक ब्रूसचा आवाज तिथे जास्त चांगला आहे, तीन गिटार आहेत, पब्लिक लाखोंनी आहे, मग ८५ चा अल्बम नुसता जुना आहे म्हणून डोक्यावर का घ्यायचा? आम्ही म्हणतो तशी मजा परत आलीच नाही. सर, एकदाचा निकाल द्या. (वाशी)

उत्तर: निकाल लाइव्ह आफ्टर डेथच्या बाजूने. पण मित्रांनो, रिओवाल्यांचं निम्मं म्हणणं खरं आहे, ते आधी मान्य करून टाका.

आवाजाचं घ्या. लाइव्ह आफ्टर डेथ मुख्यतः अमेरिकेतल्या लाँग बीचला रेकॉर्ड झाला, रॉक इन रिओ ब्राझीलमधल्या रिओला. ब्रूस डिकिन्सन लाँग बीचला मार्च १९८५ मधे २६ वर्षांचा होता आणि रिओला १९ जानेवारी २००१ ला ४२ चा, तरी रिओचा आवाज जास्त भरलेला आणि ताब्यात वाटतो, वरचे सूर तो सावकाश गाठतो आणि तिथे थांबतो. लाँग बीचला काही ठिकाणी वरच्या जागा सोडून तो चाल बदलतो, कुठे नुसत्या जोरावर निभावतो. याचं कारण सरळ आहे, ती टूर ऑगस्ट १९८४ मधे पोलंडमधून सुरू झालेली, लाँग बीच येईपर्यंत सात महिने उलटून गेलेले आणि मधे धड विश्रांती नाही. अशा वेळी गळा थकणारच की. पण मला तोच थकलेला गळा जास्त आवडतो, कारण प्रत्येक ओळीला माणूस जीव काढून गातोय हे कळतं, आणि 'स्क्रीम फॉर मी लाँग बीच' ही आरोळी मारतो तेव्हा ती ठरवून मारलेली वाटतच नाही.

रिओची खरी ताकद मात्र तुमच्या मित्रांनी सांगितलीच नाही. तीन गिटार आणि अडीच लाखांची गर्दी या वरवरच्या गोष्टी झाल्या. खरी गोष्ट ही की १९९९ मधे ब्रूस आणि एड्रियन स्मिथ बँडमधे परत आले, २००० मधे ब्रेव्ह न्यू वर्ल्ड काढला, आणि त्या टूरच्या या शेवटच्या रात्री त्यांनी एकट्या त्या नव्या अल्बममधली सहा गाणी वाजवली. पंचवीस वर्षं जुना बँड, समोर एवढी गर्दी, जुनी हिट गाणी वाजवून सहज पैसे वसूल करता आले असते, तरी यांनी नवीन माल पुढे ठेवला. वर ब्लेझ बेली गायक असतानाची साइन ऑफ द क्रॉस आणि द क्लॅन्समन ही दोन गाणी ब्रूसने गायली, आणि मला विचाराल तर त्या दोन्ही गाण्यांचं खरं मोठेपण रिओलाच कळलं. हे दोन ट्रॅक हा त्या अल्बमचा कळस आहे, फिअर ऑफ द डार्क हे लोकप्रिय गाणं नाही.

मग तरीही ८५ का? कारण तिथे बँड ऐकू येतो. पाचच माणसं, दोन गिटार, एका बाजूला डेव्ह मरी आणि दुसऱ्या बाजूला एड्रियन, मधे स्टीव्ह हॅरिसचा तो खडखडणारा बास, हेडफोन लावले की कोण काय वाजवतंय ते बोट ठेवून दाखवता येतं. रिओला तिसरा गिटार जॅनिक गर्सचा, भिंत मोठी होते हे खरं पण कडा बुजतात. दुसरं म्हणजे जागा. नाटक गडकरी रंगायतनला बघणं आणि तेच नेरूळच्या डी वाय पाटील स्टेडियमवर बघणं यात जो फरक पडेल तोच इथे आहे. लाँग बीच अरीना बंद हॉल आहे, लोकांचा आवाज छतावर आपटून परत बँडवर येतो आणि बँड त्याला उत्तर देतो. रिओला उघडं मैदान, आवाज वर निघून जातो आणि मागचे लोक पुढच्यांपेक्षा जरा उशिरा गात असतात, त्यामुळे गर्दी समुद्रासारखी सतत घोंघावत राहते पण एकेक टाळी, एकेक आरोळी वेगळी निघत नाही.

राइम ऑफ द एन्शंट मरिनर दिवे घालवून ऐका एकदा. कोलरिजच्या कवितेवरचं तेरा मिनिटांचं गाणं, मधे सगळं थांबतं, फक्त बास आणि हलके सूर, आणि एवढा मोठा हॉल श्वास धरून बसलाय हे रेकॉर्डिंगमधे कळतं. मग गाणं परत उसळतं. हे एका ठिकाणी, एका दमात घडलेलं आहे. लाइव्ह अल्बमकडून मला हाच सलगपणा हवा असतो, बाकी सगळं त्यानंतर.

एक लक्षात ठेवा, या डबल एलपीच्या पहिल्या तीन बाजू लाँग बीचच्या आहेत, चौथी बाजू ऑक्टोबर १९८४ मधल्या लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनची. जुन्या सिंगल सीडीवर ही चौथी बाजू नव्हतीच. तुमच्यातल्या कोणाकडे ती सीडी असेल तर त्याने पाच गाणी ऐकलेलीच नाहीत, त्यात फँटम ऑफ द ऑपेरासुद्धा आलं. आधी सगळे जण पूर्ण अल्बम ऐका, मग काय भांडायचं ते भांडा.

प्रश्न: माझा मोठा दादा १ फेब्रुवारी २००८ ला बीकेसीच्या मेडनच्या शोला होता, मी शाळेत होतो म्हणून मला नेलं नाही, ते अजून मनात आहे. फ्लाइट ६६६ या त्या टूरच्या लाइव्ह अल्बममधलं पहिलं गाणं मुंबईचं आहे असं तो सगळ्यांना सांगत असतो. खरंच का? आणि हा अल्बम चांगला आहे की आपण मुंबईच्या प्रेमापोटी चांगला म्हणतो? (ऐरोली)

उत्तर: दादा शंभर टक्के खरं सांगतोय. सुरुवातीला वाजणाऱ्या चर्चिलच्या भाषणानंतर येणारं एसेस हाय हे मुंबईचंच रेकॉर्डिंग आहे. समवेअर बॅक इन टाइम टूरचा पहिलाच शो मुंबईला होता, म्हणजे तुझ्या दादाने त्या टूरचा पहिला सूर ऐकलाय. बँड आणि सामान एकाच बोइंग ७५७ मधून फिरत होतं, एड फोर्स वन नाव दिलेलं, आणि पायलट ब्रूस स्वतः. ४५ दिवसांत २३ शो केले त्या पहिल्या फेरीत.

आता तुझा दुसरा प्रश्न. या अल्बममधे प्रत्येक गाणं वेगळ्या शहरातलं आहे, मुंबईनंतर मेलबर्न, मग सिडनी, मग टोकियो, असं करत टोरंटोपर्यंत. फिल्मसोबत बघायला हे मस्त आहे कारण प्रवासच दाखवायचा होता. नुसतं ऐकायला बसलं की मात्र गर्दी दर पाच मिनिटांनी बदलते आणि मघाशी वाशीवाल्यांना सांगितला तो सलगपणा राहत नाही. म्हणून अल्बम म्हणून मी याला लाइव्ह आफ्टर डेथच्या बराच खाली ठेवतो, मुंबई असूनही.

पण एक गोष्ट तू नक्की कर. या टूरमधे बँडने ऐंशीच्या दशकातली गाणी, स्टेजचा तो इजिप्तचा सेट, सगळं मुद्दाम परत आणलं होतं, त्यामुळे सुरुवात सेम आहे, चर्चिल आणि लगेच एसेस हाय. आधी लाँग बीचचं लाव, लगेच मुंबईचं लाव. एकीकडे २६ चा ब्रूस, एकीकडे ४९ चा. लाँग बीचचं जास्त बेफाम आहे, तिथे बँड गाण्याच्या पुढे पळतोय असं वाटतं. मुंबईचं जास्त वजनदार आहे, तीन गिटार आहेत, आणि भाषण संपता संपता जो ओरडा उठतो ना, तो वर्षानुवर्षं कॅसेटी आणि कॉपी मारलेल्या सीड्यांवर या बँडला ऐकलेल्या लोकांचा आहे, आपल्या शहरात त्यांना पहिल्यांदा बघणाऱ्यांचा. एवढ्यासाठी ते गाणं मी कितीही वेळा ऐकेन. दादाला शेजारी बसवून ऐक.

प्रश्न: माझी भाची नववीत आहे, तिला वाढदिवसाला मेडनचा लाइव्ह अल्बम पाहिजे, कुठलाही चालेल म्हणते. मी दुकानात कव्हर बघितली तर सगळीकडे तो सांगाडा, एकावर तर थडग्यातून बाहेर येतोय. मुलीच्या हातात हे द्यावं का, आणि द्यायचं तर कुठला? (नौपाडा, ठाणे)

उत्तर: ताई, बिनधास्त द्या. तो सांगाडा म्हणजे एडी, बँडचा शुभंकरच म्हणा, अगदी सुरुवातीपासून प्रत्येक अल्बमवर वेगवेगळ्या वेशात असतो. थडग्यातून येणारं चित्र लाइव्ह आफ्टर डेथचं, डेरेक रिग्ज या चित्रकाराचं. आत काय आहे ते बघा, दुसऱ्या महायुद्धातले ब्रिटिश वैमानिक, क्रिमियन युद्धातली घोडदळाची चढाई, इंग्रजी कविता. बरीच मुलं या गाण्यांमुळे इतिहासाची पुस्तकं उघडतात.

वर मी ८५ ला पहिला नंबर दिला तरी तुमच्या भाचीला रॉक इन रिओ द्या. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला रेकॉर्डिंग साफ लागतं, आणि त्याची डीव्हीडी पण आहे, एवढी गर्दी गिटारच्या सुरावर शब्दांशिवाय एकत्र गाते ते डोळ्यांनी बघितलं की पोरगी कायमची फॅन होईल. पुढच्या वाढदिवसाला ८५ चा द्या, तोपर्यंत तिचे कान तयार झालेले असतील.

प्रश्न: मी ड्रम्स वाजवतो, आमचा छोटा बँड आहे. ग्रुपमधे एक जण म्हणतो सगळे लाइव्ह अल्बम नंतर स्टुडिओत दुरुस्त केलेले असतात, मग तुलना करण्यात अर्थच काय? (कळवा)

उत्तर: सगळे नाही, पण बरेच. थिन लिझीचा १९७८ चा लाइव्ह अँड डेंजरस घ्या, त्याचा प्रोड्युसर टोनी व्हिस्कॉन्टी म्हणाला बराचसा भाग स्टुडिओत परत वाजवलाय, बँडच्या बाजूने ते नाकारलं गेलं, वाद अजून संपलेला नाही. दुसऱ्या टोकाला डीप पर्पलचा मेड इन जपान, ऑगस्ट १९७२, ओसाका आणि टोकियोचे तीन शो, तो जसा वाजला तसाच दिलेला अल्बम म्हणून ओळखला जातो. आता गंमत बघ, त्याचा इंजिनिअर मार्टिन बर्च, आणि तेरा वर्षांनी लाइव्ह आफ्टर डेथचा प्रोड्युसरही मार्टिन बर्चच. स्टेजवरचा बँड टेपवर कसा उतरवायचा हे त्या माणसाला कळत होतं, आणि माझ्या मते ८५ च्या अल्बमचं निम्मं श्रेय त्याचं आहे.

तू ड्रमर आहेस म्हणून तुला ओळखणं सोपं जाईल. स्टेजवर गायकाच्या माइकमधे झांजांचा आवाज शिरतोच, तो थांबवता येत नाही. म्हणून गाताना झांजा किंचित उजळ होतात आणि गायक गप्प झाला, त्याचा माइक खाली केला, की जरा दबतात. गाणं नंतर स्टुडिओत भरलं असेल तर हा चढउतार नसतो, आवाज कोरडा आणि पुढे चिकटवल्यासारखा येतो. अर्थात हल्ली मिक्सिंगमधे बरंच झाकता येतं, त्यामुळे फक्त यावरून निकाल देऊ नकोस. टेम्पोकडेही लक्ष दे, खऱ्या शोमधे गाणं सोलोच्या आधी हळूच पळायला लागतं, मेडनचा ड्रमर निको मॅकब्रेन लाँग बीचला कितीदा तरी पळालाय, आणि स्टीव्ह हॅरिस त्याला थांबवायचं सोडून स्वतःच अजून पुढे पळतो.

प्रश्न: अ रिअल लाइव्ह वन आणि अ रिअल डेड वन एवढे वाईट आहेत का? (कोपरखैरणे)

उत्तर: वाईट नाहीत, पण विस्कळीत आहेत. १९९२ आणि ९३ च्या युरोपातल्या शोमधून एकेक गाणं उचललेलं, नवी गाणी एका अल्बमवर आणि जुनी दुसऱ्यावर, मिक्स कोरडा, आणि ब्रूस बँड सोडायच्या बेतात. १९९३ मधेच आलेला लाइव्ह ॲट डॉनिंग्टन घ्या, २२ ऑगस्ट १९९२ चा एकच पूर्ण शो आहे, त्याच बँडचा, तेव्हाचाच, आणि कितीतरी जास्त जिवंत.

प्रश्न: हे सगळे ऐकून झालेत. लोक ज्याच्याबद्दल बोलत नाहीत असा एक सांगा. (घोडबंदर रोड, ठाणे)

उत्तर: बीस्ट ओव्हर हॅमरस्मिथ. २० मार्च १९८२ चा शो, लंडनचा. द नंबर ऑफ द बीस्ट हा अल्बम बाजारात आला २२ मार्चला, म्हणजे समोर बसलेल्या लोकांच्या घरी तो अजून पोचलेलाच नव्हता! आज जगभर लोक पाठ म्हणतात ती गाणी तिथे जवळजवळ नवीकोरी वाजतायत. ब्रूस बँडमधे येऊन जेमतेम काही महिने झालेले, ड्रम्सवर क्लाइव्ह बर, त्याचा हात निकोपेक्षा हलका आणि झुलता, हॅलोड बी दाय नेममधे तर फारच सुंदर. रेकॉर्डिंग वीस वर्षं पडून होतं, २००२ मधे एडीज आर्काइव्ह या पेटीत बाहेर आलं आणि २०२२ मधे व्हायनिलवर. टाळ्यांकडे लक्ष ठेवून ऐका, जुन्या गाण्यांना सुरुवातीलाच आरोळ्या पडतात आणि नव्यांना गाणं संपल्यावर.