शाळेत डेमो द्यायला जाण्याआधी

सोमवारपासून ऐरोली-घणसोलीच्या शाळा तुझ्याकडे, म्हणून लिहितेय. आपल्या शाळांसाठीच्या ऑनलाइन प्रणालीचा डेमो फक्त मुख्याध्यापकांना देऊन येऊ नकोस, पाचवीच्या वर्गशिक्षिकेसोबत बस. हजेरी, गृहपाठ, गुण सगळं तिलाच भरायचंय. वहीतही आणि स्क्रीनवरही लिहावं लागलं, तर दिवाळीच्या सुट्टीनंतर कुणी लॉगिन करत नाही. कळव्याच्या एका शाळेत मी हे पाहिलंय, अजून वाईट वाटतं.

कित्येक घरांत फोन एकच, तोही बाबांबरोबर कामावर जातो. म्हणून धड्याचा व्हिडिओ रात्री डाउनलोड करून ठेवता येतो का, हे साध्या फोनवर, ठाणे-वाशी लोकलमध्ये बसून तपास. ऑफिसच्या वायफायवर सगळंच पळतं गं.

'दीक्षा' हे सरकारचं ऑनलाइन शिक्षणाचं व्यासपीठ २०१७ पासून मोफत आहे, मूडल हे ऑनलाइन वर्ग चालवायचं सॉफ्टवेअरही मोफत मिळतं. मग पैसे कशाचे, असं विचारतीलच. खरं सांग: सर्व्हर सांभाळणं, शिक्षकांचं प्रशिक्षण, अडलं तर मराठीतून मदत.

मुलांच्या माहितीबाबत मात्र हयगय नको. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदा १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची पडताळता येणारी संमती मागतो. करार संपल्यावर गुणांच्या नोंदी एक्सेलमध्ये परत मिळतील, हेही शाळेला लेखी दे.