‘हिच्या पायात जोरच राहिला नाही’

बॅले शिकणाऱ्या मुलींच्या आया हे वाक्य माझ्याकडे इतक्यांदा बोलल्या आहेत, की आता लिहायलाच हवं.

त्यातलीच एक बारा वर्षांची मुलगी. गेल्या वर्षी छान उडायची, यंदा उडी खाली आली. आई रोज रात्री तिच्याकडून पाचशे दोरीउड्या मारून घेत होती आणि लेकीने गुपचूप रात्रीची पोळी सोडली होती.

“का गं?”

“हलकी झाले की उडी वर जाईल. उतरताना धप्पकन आवाज येतो, सगळ्या बघतात.”

मी उडीचा विषय बाजूला ठेवला. घडलेल्या गोष्टीपेक्षा तिचा आपण लावलेला अर्थ जास्त छळतो, असं मी मानते. हिने अर्थ लावला होता, ‘मी बिघडले.’ घरी बाबा दाराच्या चौकटीवर तिच्या उंचीच्या रेघा मारतात, हे बोलण्यात आलं. म्हटलं, शेवटच्या दोन रेघांमधलं अंतर मोजून आण.

“आठ सेंटिमीटर. एका वर्षात!”

“मग उडायला बघतेस ते कुठल्या वर्षीच्या पायांनी?”

ती गुडघ्यांकडे बघत राहिली. मी बोलले नाही. त्या शांततेत आईही थांबली, याचं मला कौतुक वाटलं. मग लेक म्हणाली, “म्हणजे पाय बिघडले नाहीत. नवीन आलेत.”

हे मी सांगून पटलं नसतं. तिचं तिलाच सापडलं.

पालकांनो, या वयात हाडं आधी लांबतात, स्नायूंची ताकद आणि तोल मागून येतात. म्हणून या काळात उड्यांची संख्या कमी करा आणि ताकद वाढवा: बारला (सरावाच्या आडव्या दांड्याला) धरून एका पायावर सावकाश टाच उचलणं, सावकाश प्लिए (पाठ ताठ ठेवून गुडघे वाकवणं), बैठका. आठवड्यातून दोनदा, मध्ये सुट्टी देऊन, जाणकारासमोर. पाय जाड होतील ही भीती सोडा. या वयात ताकद मुख्यतः मज्जासंस्था स्नायूंना नीट कामाला लावायला शिकते म्हणून वाढते. टाच किंवा गुडघ्याखालचं हाड दुखलं तर ‘सहन कर’ म्हणू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि जेवण तोडू देऊच नका. उपाशी पायात उडी येत नाही, हाडं मात्र कमकुवत होतात, पाळीही लांबते.

तीन महिन्यांनी दोघी आल्या. उडी अजून पूर्वीएवढी नव्हती. पण आई म्हणाली, “काल ही आतल्या खोलीत सराव करत होती. मला वाटलं, झोपली.”