पेट्रोल, कांदा आणि बाकावरची भांडणं

घरखर्चाबद्दल काहीही विचारा असं मागच्या अंकात लिहिलं होतं. मला वाटलं एफडी, विमा, भिशी असले प्रश्न येतील, पण निम्म्या पत्रांत भांडणंच आहेत. घेते त्यातली चार.

प्रश्न : ताई, आम्ही सात जण रोज सकाळी फिरून आलो की बागेतल्या बाकावर बसतो, सगळे रिटायर्ड. परवा पेट्रोलवरून विषय निघाला आणि वाढतच गेला. मी म्हटलं युक्रेनचं युद्ध झालं म्हणून महागलं, त्याला सरकार काय करणार. एकाने ऑइल बाँडचा विषय काढला, म्हणे काँग्रेसने करून ठेवलेलं कर्ज आपण फेडतोय. तिसरा म्हणाला खरा लुटारू राज्याचा व्हॅट. चौथा म्हणाला तुम्ही सगळे भक्त. आता तो आठवडाभर समोरच्या बाकावर एकटाच बसतोय. नक्की बरोबर कोण? — ठाण्याचे एक आजोबा

उत्तर : आजोबा, मी अर्थतज्ज्ञ वगैरे नाही, पण माझ्याकडे वही आहे. लग्न झाल्यापासून रोजचा खर्च लिहिते आणि स्कूटरचं पेट्रोल दराच्या सकट लिहिते, घरचे हसतात त्यावर, हसू देत. तुमचं पत्र आलं तशी २०२१-२२ ची वही काढली. मी मुलुंडला राहते, म्हणजे दर मुंबईचा. नोव्हेंबर २०२१ मध्ये लिहिलंय १०९.९८. डिसेंबर, १०९.९८. जानेवारी, फेब्रुवारी तेच. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यातही तेच, १०९.९८, जणू मी आळसाने वरचा आकडा खाली उतरवत गेलेय.

आता याच काळात जगात काय चाललं होतं बघा. डिसेंबरच्या सुरुवातीला कच्चं तेल पिंपाला सत्तर डॉलरच्याही खाली जाऊन आलं, मग २४ फेब्रुवारीला रशिया युक्रेनमध्ये घुसला आणि ७ मार्चला भाव काही वेळ १३९ डॉलरपर्यंत गेला. आपल्या पंपावर मात्र ना उतार ना चढ, आणि २०१७ पासून दर रोज बदलतात म्हणे! कारण त्याच वेळी उत्तर प्रदेश, पंजाब, उत्तराखंड, मणिपूर आणि आपल्या शेजारच्या गोव्यात निवडणुका होत्या. निकाल १० मार्चला लागला. २२ मार्चला माझ्या वहीत ११०.८२, आणि मग जवळजवळ रोज ऐंशी-ऐंशी पैसे चढत ६ एप्रिलला १२०.५१. म्हणजे युद्ध सुरू झालं फेब्रुवारीत आणि माझ्या स्कूटरला कळलं मार्चअखेर.

तुमच्या चौथ्या मित्राने हे वाचून लगेच टाळी मागू नये. १३ मे २०११ ला बंगाल, तमिळनाडू, केरळचे निकाल लागले आणि पुढच्याच रात्रीपासून पेट्रोल एका झटक्यात पाच रुपयांनी वाढलं, तेव्हा दिल्लीत मनमोहन सिंगांचं सरकार होतं. कागदावर पेट्रोल त्याच सरकारने २०१० मध्ये नियंत्रणमुक्त केलेलं, तरी.

ऑइल बाँडचं सांगते. पेट्रोल-डिझेल स्वस्त विकल्याची भरपाई म्हणून सरकारने तेल कंपन्यांना रोख पैशांऐवजी दिलेले कर्जरोखे म्हणजे हे बाँड. ते होते, खोटं नाही. सव्वा लाख कोटींच्या थोडे वरच, आणि त्यांची फेड २०२६ पर्यंत लांबवलेली. पण केंद्राने एकट्या २०२०-२१ मध्ये इंधनावर अबकारी कर साडेतीन लाख कोटींहून जास्त गोळा केला, म्हणजे सगळे बाँड एका वर्षाच्या वसुलीत फिटून वर दीडपट तरी उरलं असतं. तो लॉकडाउनचा काळ होता, तेल जगात मातीमोल झालेलं आणि केंद्राने मार्च आणि मे मिळून पेट्रोलवरचा कर तेरा रुपयांनी वाढवून लिटरला ३२.९८ वर नेला, स्वस्ताई झाली ती तिजोरीची. पुढे नोव्हेंबर २०२१ मध्ये पाच आणि मे २०२२ मध्ये आठ रुपये कमी केले, तेव्हा कुठे १९.९० वर आला. म्हणजे जे वाढवलं होतं तेच परत केलं, पण जाहिरात मात्र दिलासा दिल्याची.

व्हॅटवाले काकाही अगदीच चुकीचे नाहीत. केंद्राचा कर लिटरमागे ठरलेले रुपये असतो, राज्याचा व्हॅट टक्क्यात, त्यामुळे तेल महागलं की राज्याला काही न करता जास्त मिळतं. नोव्हेंबर २०२१ ला केंद्राने कर कमी केला, बऱ्याच राज्यांनी व्हॅट उतरवला, आपल्याकडच्या महाविकास आघाडीने तेव्हा नाही उतरवला. जून २०२२ च्या अखेरीस सरकार बदललं आणि शिंदे-फडणवीसांनी आल्या आल्या जुलैमध्ये पेट्रोल पाच आणि डिझेल तीन रुपयांनी कमी केलं. पण राज्यांची रड पण ऐका ना, त्या १९.९० मध्ये राज्यांबरोबर वाटून घ्यायचा मूळ कर फक्त १ रुपया ४० पैसे होता, बाकी सगळा सेस आणि विशेष अधिभार, तो केंद्राच्याच खिशात. मग राज्य व्हॅट कशाला सोडेल.

तेव्हा तुम्ही सातही जण एकाच बिलातली एकेक ओळ धरून भांडताय. चौथ्या मित्राला बोलवा परत बाकावर, आणि येताना प्रत्येकाने आपापलं पेट्रोलचं बिल आणा.

प्रश्न : माझं माहेर निफाड तालुक्यात, सासर पुण्यात. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली तेव्हा सासूबाई खूष होत्या, बरं झालं म्हणे स्वस्त झाला, आणि त्याच दिवशी भावाचा फोन, तो अक्षरशः रडत होता. अजूनही कांद्याचा विषय निघाला की आमच्या घरात दोन पार्ट्या होतात. सासरे म्हणतात शेतकऱ्यांना राजकारणी भडकवतात. मी काय बोलू? — पुण्याची एक सून

उत्तर : अगं, आधी सासऱ्यांना विचार, लाल कांदा किती दिवस टिकतो. उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघतो, तो कांदाचाळीत, म्हणजे हवेशीर कोठारात, भरून दिवाळीपर्यंत ठेवता येतो, भाव बघून विकता येतो. डिसेंबरला बाजारात असतो तो लाल, पाणीदार, तो ठेवला की कोंब येतात नाहीतर सडतो, म्हणजे काढला की ट्रॅक्टर भरून मार्केटला न्यायचाच, मिळेल त्या भावात. नेमक्या त्याच वेळी ८ डिसेंबरला बंदी आली. काही आठवड्यांत भाव निम्म्याच्या आसपास आला. तुझा भाऊ रडला त्यात कोणी भडकवायची गरज नव्हती.

आणि हे अचानक नव्हतं. ऑगस्ट २०२३ मध्ये आधी चाळीस टक्के निर्यातशुल्क लावलं, तेव्हा नाशिक जिल्ह्यातल्या व्यापाऱ्यांनी लिलावच बंद ठेवले होते. मग बंदी. मग ४ मे २०२४ ला, लोकसभेचं मतदान चालू असताना, नाशिक-दिंडोरीचं मतदान २० तारखेला, बंदी उठवली पण चाळीस टक्के शुल्क आणि टनाला ५५० डॉलरची किमान निर्यात किंमत ठेवून. दिंडोरीत तेव्हाच्या केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार पडल्या. सप्टेंबर २०२४ ला, विधानसभेच्या तोंडावर, शुल्क वीस टक्के, आणि १ एप्रिल २०२५ पासून शून्य. तारखा बघितल्यास तर कांद्यापेक्षा मतदान जास्त पिकलंय.

पण सासूबाईंचंही ऐक, त्या काही शेतकऱ्याच्या वाईटावर नाहीत. पन्नास-साठ रुपये किलो झाला की घरात दोन कांद्यांऐवजी एक चिरला जातो, आणि दिल्लीतले सगळे पक्ष त्या एका कांद्याला घाबरतात कारण १९९८ मध्ये दिल्लीचं भाजपचं सरकार कांद्याच्या भावाने गेलं असं सगळे मानतात. शहरातलं गिऱ्हाईक ओरडतं ते टीव्हीवर दिसतं, निफाडचा दिसत नाही. माझं स्पष्ट मत विचारशील तर बंदी चूक होती. भाव पाडायचाच होता तर सरकारने बाजारभावाने विकत घेऊन शहरात स्वस्त विकायचा, तोटा तिजोरीने सोसायचा, तुझ्या भावाने का? आणि पुढच्या उन्हाळ्यात सासऱ्यांना चार दिवस माहेरी घेऊन जा, कांदे निवडायला बसव चाळीत. दुपारच्या उकाड्यात, त्या वासात.

प्रश्न : रशियाकडून स्वस्त तेल घेतलं म्हणतात, मग मला पंपावर स्वस्त का नाही मिळालं? रूममेट म्हणतो असा प्रश्न विचारणं देशद्रोह आहे. — नागपूर, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी

उत्तर : देशद्रोह नाही रे, हिशेब आहे. युद्धाआधी आपल्या तेलात रशियाचा वाटा दोन टक्क्यांच्याही आत होता, नंतर तिसऱ्या हिश्श्यापर्यंत गेला, आणि सवलतीत. २०२२ च्या उन्हाळ्यात सरकारी तेल कंपन्या तोट्यात विकत होत्या हे खरं, हिंदुस्थान पेट्रोलियमला तर एका तिमाहीत दहा हजार कोटींचा खड्डा पडला. तेव्हा पंपावर भाव वाढू दिला नाही, त्याचं श्रेय द्यायचं. पण २०२३-२४ मध्ये त्याच कंपन्यांनी विक्रमी नफा कमावला तेव्हाही भाव हलला नाही. हलला तो १५ मार्च २०२४ ला, दोन रुपयांनी, आणि १६ मार्चला निवडणूक आयोगाने लोकसभेच्या तारखा जाहीर केल्या. रूममेटला एवढंच विचार, हे तेल रशियातून एका रात्रीत आलं का. आणि हो, ते तेल आपण घेतलं नसतं तर जगात भाव अजून भडकला असता असंही बरेच जाणकार म्हणतात, तेही त्याला सांग, म्हणजे रात्री मॅगी एकत्र खाल.

प्रश्न : लाडक्या बहिणीचे दीड हजार मला येतात. आमचे हे म्हणतात ही रेवडी आहे, राज्य बुडणार. पण गॅस त्याच पैशातून येतो. परत करू का? — सोलापूर

उत्तर : तुम्ही निकषात बसत असाल तर अजिबात नाही. वर्षाला ४६ हजार कोटींचा अंदाज धरला होता या योजनेला, त्यामुळे ह्यांची काळजी खोटी नाही, बाकीच्या कामांना कात्री लागतेच. पण २०२४ च्या विधानसभेला महायुतीने २१०० करू म्हटलं आणि आघाडीने थेट ३०००, म्हणजे रेवडी नको असं म्हणणारा उमेदवार ह्यांना बटणावर सापडला असेल तर नाव मलाही कळवा. तोपर्यंत ह्यांना एक काम द्या, सिलेंडर आला की रिकामा दारापर्यंत न्यायचा आणि भरलेला आत आणून जोडायचा, आणि तो कुठल्या पैशाचा आहे ते त्यावर खडूने लिहायचं.