कार्ब्युरेटरच्या जिप्सीत एमपीएफआय इंजिन बसवल्यावर चढावर पेट्रोलचा दाब का पडतो?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: जुन्या जिप्सीत आपण एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला इंजेक्टरने पेट्रोल फवारणारे) इंजिन बसवून घेतले, टाकी मात्र कार्ब्युरेटरच्या काळातलीच ठेवली आणि पंप मागे चॅसीवर बाहेरून लावला. गाडी आयडलिंगला व्यवस्थित चालते, पण रामटेकच्या गडाचा रस्ता तिसऱ्या गिअरमध्ये चढताना दम सोडते. त्या वेळी गेजवरचा पेट्रोलचा दाब दर चौरस सेंटिमीटरला 2.4 वरून 1.6 किलोपर्यंत उतरतो आणि दोन पंप बदलूनही फरक पडलेला नाही.

तिसरा पंप घेऊ नये, ही माझी पहिली विनंती आहे. नागपुरातच मी अशीच बदल केलेली जिप्सी बरीच वर्षे वापरत आहे. अशा गाडीत पंपाला पेट्रोल कसे मिळते आणि वीज किती मिळते, हे तपासल्याशिवाय पंपाला दोष देता येत नाही, असे माझे ठाम मत आहे.

आयडलिंगचा 2.4 हा आकडा आपल्याला निर्धास्त करत असेल, तर तो तसा नाही. या इंजिनाच्या रेग्युलेटरला (पेट्रोलचा दाब राखून जादा पेट्रोल टाकीत परत सोडणारा भाग) इनटेक मॅनिफोल्डची (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांची) व्हॅक्यूम नळी जोडलेली असते, त्यामुळे आयडलिंगला दाब साधारण 2.1 ते 2.6 किलो असतो, आणि इंजिन बंद ठेवून नुसता पंप चालवला तर 2.7 ते 3.1 दिसायला हवा. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर व्हॅक्यूम जवळजवळ संपतो, म्हणजे चढावर दाब वाढून तीनच्या आसपास जायला हवा. आपल्याकडे तो उलट उतरतो. इंजेक्टरमधून जाणारे पेट्रोल दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलत असल्याने 2.9 ऐवजी 1.6 दाब म्हणजे सुमारे पाव हिस्सा पेट्रोल कमी. पूर्ण थ्रॉटलवर इंजिनाचा संगणक ही तूट सहसा भरून काढत नाही, आणि अशा कोरड्या, म्हणजे पेट्रोल कमी असलेल्या मिश्रणावर इंजिनावर जोर टाकत राहिल्यास पिस्टनला इजा होऊ शकते. म्हणून दोष सापडेपर्यंत कृपया चाचणीव्यतिरिक्त गाडी चढावर ताणू नये.

आता प्रवाह मोजावा. बहुतेक मेकॅनिक फिल्टरची नळी काढून डब्यात सोडतात आणि धार जोरात पडली की पंप चांगला म्हणतात. पण विरोधाला दाबच नसताना दुबळा पंपही भरपूर पेट्रोल फेकतो. रेग्युलेटरच्या पुढची रिटर्नची, म्हणजे टाकीकडे परत जाणारी नळी सोडवून ती मापाच्या भांड्यात धरावी, म्हणजे दाब कायम असतानाचा प्रवाह कळतो. सुमारे 80 अश्वशक्तीच्या या इंजिनाला पूर्ण ताकदीवर तासाला साधारण 25 लिटर, म्हणजे अर्ध्या मिनिटाला 200 मिलिलिटरच्या थोडे वर पेट्रोल लागते. इथेनॉलमिश्रित ई20 पेट्रोलवर त्यात आणखी सात-आठ टक्के धरावेत. अर्ध्या मिनिटात अर्धा लिटर मिळाले तर मी निश्चिंत होतो. अडीचशेच्या आसपास मिळाले तर दोष इथेच आहे. हे काम मोकळ्या जागेत, थंड इंजिनावर, अग्निशामक हाताशी ठेवून करावे आणि नळी सोडण्यापूर्वी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावे. रस्त्यावर चाचणी घेताना गेज काचेच्या बाहेरच्या बाजूला बांधावा. पेट्रोलची नळी केबिनमध्ये कधीही आणू नये.

प्रवाह कमी निघाला तर सर्वांत आधी पंपाच्या मागची, म्हणजे टाकीतून पंपापर्यंतची ओढण्याची बाजू पाहावी. माझा पहिला संशय तिथेच आहे. हे पंप ढकलण्यात बलवान आणि ओढण्यात अगदी कमकुवत असतात. कार्ब्युरेटरला पेट्रोल संथपणे लागत असे, म्हणून त्या टाकीतली पेट्रोल उचलणारी पिकअप नळी बारीक असते. इंजेक्शनच्या पंपाला मात्र पेट्रोल सतत फिरवावे लागते. त्या बारीक नळीतून ते खेचताना पंपाच्या तोंडाशी दाब घटतो, आणि दाब घटला की पेट्रोल कमी तापमानालाच उकळून वाफ होते. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांवर असतो, शिवाय सायलेन्सर जवळून जात असेल तर वाफ व्हायला आणखी काही लागत नाही. पंपाचा आवाज चढावर कर्कश होत असेल आणि टाकी अर्ध्याखाली गेल्यावर त्रास वाढत असेल, तर हेच कारण समजावे. पंपाच्या आधी बारीक कागदी फिल्टर लावला असेल तर तो काढून तिथे जाळीचा गाळणीवजा फिल्टर लावावा. बारीक फिल्टर पंपानंतर असावा. टाकीचे झाकण सैल करून एकदा तोच चढ चढावा. त्याने फरक पडला तर टाकीत हवा येऊ देणारी श्वासनळी तुंबली आहे. पंप टाकीच्या तळाच्या पातळीपेक्षा वर बसवलेला असेल तर तो खाली घ्यावाच लागेल. पुढेमागे पंप टाकीच्या आत बसवणार असाल, तर पेट्रोलमध्ये बुडून राहणारी होज एसएई जे30आर10 दर्जाचीच घ्यावी. साधी होज आत फुगून फाटते आणि दाब टाकीतल्या टाकीतच गळतो.

मागची बाजू स्वच्छ असेल तर मल्टिमीटर घ्यावा. माझ्या गाडीत बॅटरीवर 13.8 व्होल्ट होते आणि पंपावर जेमतेम 10.9. अर्थची वायर रंग दिलेल्या ब्रॅकेटवर आवळलेली होती आणि पुरवठ्याची वायर फारच बारीक होती. पंप 10 अँपिअर घेत असेल तर वाटेतला 0.2 ओमचा विरोधही 2 व्होल्ट खातो. बॅटरीपासून रिलेमार्फत 2.5 चौरस मिलिमीटरची वायर ओढली, अर्थसाठी पत्रा घासून उघडा केला आणि गाडी त्याच पंपावर चालू लागली. मोजमाप पंप चालू असतानाच घ्यावे. तोटा अर्ध्या व्होल्टच्या आत असावा.

रेग्युलेटरची परीक्षा सोपी आहे. त्याची व्हॅक्यूम नळी काढून आत पेट्रोलचा ओलावा वा वास असेल तर रेग्युलेटरच्या आतला पडदा फाटला आहे. नसेल तर रिटर्नची रबरी नळी दोन-तीन सेकंद हलकेच दाबावी. दाब झटकन चारच्या पुढे गेला तर पंप सक्षम आहे आणि रेग्युलेटर पेट्रोल परत सोडून देत आहे.

आपण काढून ठेवलेले दोन्ही पंप फेकू नयेत. वायरिंग आणि पिकअप सुधारल्यावर त्यांचा प्रवाह याच पद्धतीने मोजावा. त्यांतला एखादा चांगला निघाला तर तो सुटा पंप म्हणून गाडीत ठेवता येईल.