टास्मानियाला हद्दपार केलेल्या स्कॉटिश पूर्वजाचा माग कसा काढायचा?

तुमच्या मिस्टरांच्या खापरपणजोबांचं नाव, खटला ग्लासगोत झाला आणि १८४० नंतर त्यांना होबार्टला, म्हणजे ऑस्ट्रेलियाजवळच्या टास्मानिया बेटाच्या राजधानीत, आणलं, एवढंच ठाऊक आहे म्हणता. पुरेसं आहे. फक्त सुरुवात ग्लासगोपासून नको, होबार्टपासून मागे जा.

टास्मानियाच्या सरकारी ग्रंथालयाची नावांची सूची ऑनलाइन आणि फुकट आहे. मॅकडोनाल्डसारखं आडनाव असेल तर एकाच नावाचे बरेच कैदी निघतात, त्यात ‘मॅक’चं स्पेलिंग कारकुनागणिक वेगळं. म्हणून जहाजाचं नाव आणि पोलीस नंबर (कैद्याला दिलेला क्रमांक) लगेच टिपून घ्या. पण नुसत्या आकड्यावर विसंबू नका.

या काळातल्या पुरुषांचं वर्तणुकीचं पान ‘सीओएन ३३’ (CON33) या कैदी-नोंदवह्यांच्या मालिकेत सापडतं. वर खटल्याचं ठिकाण, तारीख, शिक्षा, तुरुंगाचा शेरा. मग ‘स्टेटेड धिस ऑफेन्स’ हे शब्द येतात. तिथून पुढचं कैद्याने स्वतः सांगितलेलं, आधी भोगलेल्या शिक्षांसकट. खाली तारीखवार कागाळ्या: दारू पिणं, न विचारता गायब होणं, आणि त्याबद्दल एकांतकोठडी किंवा सक्तमजुरी. ‘टी. एल.’ म्हणजे तिकीट ऑफ लीव्ह (शिक्षा संपण्याआधी स्वतःचं काम शोधून राहायची परवानगी), ‘सी. पी.’ म्हणजे सशर्त माफी. अक्षर किचकट असतं, पण तीच वाक्यं पुन्हा पुन्हा येतात, त्यामुळे नजर बसते.

यानंतर ‘सीओएन १४’ (CON14), म्हणजे आलेल्या कैद्यांच्या माहितीच्या याद्या, चुकवू नका. बहुतेक लोक चुकवतात! तिथे मूळ गाव आणि बऱ्याचदा आईवडील, भावंडांची नावं असतात. खटला ग्लासगोत झाला म्हणजे माणूस ग्लासगोचाच असं नाही. आयर्लंडहून कामासाठी आलेले पुष्कळ होते.

आता स्कॉटलंड. ओल्ड बेलीची वेबसाइट इथे कामाची नाही, ती लंडनच्या खटल्यांची. स्कॉटलंडात हद्दपारीची शिक्षा हाय कोर्ट ऑफ जस्टिशियरी देई, एडिनबरात किंवा ग्लासगो, पर्थ, इनव्हरेरीच्या फिरत्या बैठकीत. हे कागद एडिनबराच्या नॅशनल रेकॉर्ड्स ऑफ स्कॉटलंडमध्ये आहेत आणि कॅटलॉग नावाने शोधता येतो. तिथल्या ‘एडी १४’ (AD14) मालिकेत साक्षीदारांचे जबाब, ‘जेसी २६’मध्ये (JC26) आरोपपत्र आणि आरोपीचा जबाब. कोर्टाच्या मिनिट बुकात (कामकाजाच्या नोंदवहीत) साक्षी सहसा लिहीत नसत. गुन्हा कबूल केला असेल तर सगळं काही ओळींत आटोपतं. म्हणून या दोन मालिकांच्या प्रती मागवाच. पूर्वज बाई असेल तर माहेरच्या आडनावानेही शोधा, कारण स्कॉटिश कोर्ट लग्न झालेल्या बाईची दोन्ही आडनावं लिहीत असे.

१८५५ पूर्वीच्या जन्मासाठी ‘स्कॉटलंड्स पीपल’ या स्कॉटलंडच्या सरकारी वेबसाइटवर चर्चच्या बाप्तिस्मा-नोंदी पाहा.

सुटकेनंतर माग हरवला तर समोरच्या ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया वसाहतीत शोधा. १८५१ नंतर सोन्यासाठी माणसं तिकडे धावली. १८५२ मध्ये व्हिक्टोरियाने सशर्त माफीवाल्यांना कायद्याने अडवलं, त्यामुळे नाव बदलणं, कैदी असल्याचं लपवणं आलंच. तिथल्या मृत्युदाखल्यावर आईवडिलांची नावं असतात. ती ‘सीओएन १४’शी जुळली तरच हा तुमचा माणूस समजा.