अमेरिकेत तिकीट कोण देतं?

तुमचा प्रश्न असा आहे की अमेरिकेत उमेदवारांची यादी कोण जाहीर करतं, तिकडे हायकमांड असतं का. नसतं. तिकीट मतदारच देतात. मात्र हे पहिल्यापासून असं नव्हतं.

१७८७ च्या राज्यघटनेत पक्षांचा उल्लेखही नाही. वॉशिंग्टन यांनी १७९६ च्या निरोपाच्या संदेशात पक्षीय गटबाजीपासून सावध राहायला सांगितलं, पण तोवर त्यांचेच मंत्री राहिलेल्या हॅमिल्टन आणि जेफरसन यांचे तट पडून गेले होते. पुढे अध्यक्षपदाचा उमेदवार पक्षाचे काँग्रेसमधले, म्हणजे अमेरिकी संसदेतले, सदस्य बैठकीत ठरवू लागले. १८२४ मध्ये ही पद्धत कोलमडली. बैठकीने निवडलेले क्रॉफर्ड मागे पडले. सर्वाधिक मतं जॅक्सन यांना मिळाली, पण बहुमत कोणालाच नव्हतं आणि प्रतिनिधीगृहाने, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने, जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांना निवडलं. जॅक्सन यांच्या संतापलेल्या समर्थकांना एकत्र बांधून न्यूयॉर्कचे नेते व्हॅन ब्युरेन यांनी डेमोक्रॅटिक पक्ष उभा केला.

त्यानंतर तिकीट पक्षांच्या अधिवेशनांकडे गेलं, म्हणजे खरं तर राज्याराज्यांतल्या पुढाऱ्यांकडे. १९२४ मध्ये न्यूयॉर्कच्या अधिवेशनात डेमोक्रॅटांना उमेदवार ठरवायला १०३ फेऱ्या लागल्या!

खरा बदल १९६८ नंतरचा. त्या वर्षी उपाध्यक्ष हंफ्री यांनी एकही प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी मतदारांची निवडणूक, न लढवता डेमोक्रॅटिक उमेदवारी मिळवली आणि बाहेर शिकागोच्या रस्त्यावर व्हिएतनाम युद्धाचे विरोधक पोलिसांचा मार खात होते. पक्षाला नियम बदलावे लागले. १९७२ पासून प्रायमरीतली मतंच निर्णायक ठरू लागली.

हे लोकशाहीला धरून आहे, पण माझ्या मते यात पक्ष फार दुबळे झाले. प्रायमरीला मतदान कमी होतं आणि येतात ते बहुधा कट्टर समर्थक. २०१४ मध्ये प्रतिनिधीगृहातले रिपब्लिकन बहुमताचे नेते एरिक कँटर व्हर्जिनियातली प्रायमरी एका फारशा कोणाला माहीत नसलेल्या प्राध्यापकाकडून हरले. आपल्यासारखा पक्षांतरबंदी कायदा तिकडे नाही, त्यामुळे व्हिप मोडला म्हणून सदस्यत्व जात नाही. खासदाराला नेत्यापेक्षा प्रायमरीच्या मतदाराची भीती जास्त.

तिसरा पक्ष का उभा राहत नाही, याचंही बरंचसं उत्तर इथेच आहे: बाहेरच्यालाही प्रायमरीतून मोठ्या पक्षात शिरता येतं. १९९२ मध्ये रॉस पेरो यांनी स्वतंत्र लढून सुमारे १९ टक्के मतं घेतली, तरी अध्यक्ष ज्यावर ठरतो ते राज्यवार वाटलेलं इलेक्टोरल मत एकही मिळालं नाही. २०१६ मध्ये ट्रम्प मात्र, आधी कुठलंही सरकारी पद न भूषवता, रिपब्लिकन प्रायमरीतून आत शिरले आणि अख्खा पक्ष ताब्यात घेतला.